मानेवरची चार बोटं

माधवनगरात विजयमाला कुठं राहते असं विचारलंत, तर चार माणसं डोकं खाजवतील. मालाकाकी म्हणालात, तर पाचवा माणूस तुम्हाला थेट दारात आणून सोडेल. बंद पडलेल्या कापड गिरणीच्या मागची गल्ली, परसात कागदी लिंबाचं झाड, आणि ओट्यावर एक गुळगुळीत झालेला लाकडी पाट. त्या डोकं खाजवणाऱ्या चौघांनाही काकीनं सोडलं नसतं म्हणा. "रविवारी या की, कोंडा लय झालाय तुमाला," असं तोंडावर म्हणाली असती.

रविवार हा काकीचा. सकाळी आठला पाट मांडला की गल्लीतल्या बायका, पोरी, नव्यानं नांदायला आलेल्या सुना, सगळ्यांची रांग लागायची. खोबरेल तेलात कडीपत्ता, मेथ्या आणि जास्वंदीची फुलं उकळून केलेलं तिचं तेल. त्यात ज्याच्या त्याच्या डोक्याप्रमाणं लिंबाचा रस. कोंडा असेल तर दोन चमचे, नुसतं केस गळत असतील तर लिंबाचं नावही नाही. तेल मुरलं की शिकेकाईनं न्हाऊ घालायची, पुन्हा मान, कान, कपाळ साध्या पाण्यानं तीनदा धुवायची, आणि मग ओल्या केसांनी सावलीत बसवून ठेवायची. बाकीच्या जगात बायका केस वाळवायला उन्हात बसतात, काकीकडं उन्हाला बंदी. "काकी, सावलीत वाळायला दुपार हुती की," असं कुणी कुरकुरलं तर उत्तर ठरलेलं. "व्हऊ दे दुपार. लिंबाचं डोकं उनाला दावायचं न्हाई."

संध्याकाळी करावं तर दिवेलागणीनंतर केस सोडायचे नाहीत हा घराघरातला दंडक. म्हणून लिंबाचं न्हाणं सकाळचं आणि सावलीतलं. या कामाचे पैसे काकीनं कधी घेतले नाहीत. कुणी नारळ ठेवी, कुणी शेवग्याच्या शेंगा. कौतुक मात्र ती रोख घ्यायची, आणि ते कमी पडलं तर मागूनही घ्यायची. "हलकं वाटतंय का न्हाई आता? बोल की, तोंडात काय हाय?" तिचा हा एक दोष सगळ्या गल्लीला ठाऊक होता आणि सगळ्यांनी तो पोटात घातला होता. माणसाला मोठेपणाची हौस असतेच. ती ओट्याएवढी आहे तोवर कुणाचं काही बिघडत नाही.

सावलीचा नियम काकीच्या सासूचा. काकी फलटणकडच्या खेड्यातली. लग्न होऊन इथं आली त्याच वर्षी उन्हाळ्यात भावकीतल्या एका लग्नात सरबतासाठी तिनं दोन पाट्या लिंबं पिळली आणि तशाच हातांनी भर दुपारी मांडवाबाहेर तांदूळ निवडत बसली. दोन दिवसांनी हात भाजल्यासारखे लाल झाले, फोड आले, आणि मग मनगटापर्यंत काळे डाग उठले ते दिवाळीपर्यंत गेले नाहीत. नव्या नवरीचे काळे हात बघून बायका कुजबुजल्या. सासूनं मात्र हात हातात घेऊन बघितले आणि सांगितलं, "लिंबू आन् ऊन एका अंगावर पडू द्यायचं न्हाई, पोरी. कातडं जळतंय. ध्यानात ठीव." काकीनं ध्यानात ठेवलं. चाळीस वर्षं ठेवलं. म्हणून तर पुढं जे झालं त्याला चूक म्हणायला जीभ वळत नाही.

त्या हातांचं अजून एक सांगायला हवं. नवरा जोतीराम गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो यंत्रमागावर गेला आणि काकीही त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायला जाऊ लागली. एकदा माग पुसताना तिचा डावा हात आत ओढला गेला. शेजारच्या मशीनवरच्या जाईबाईनं धावत जाऊन बटण बंद केलं, पदर फाडून हात बांधला आणि रिक्षात मांडीवर डोकं घेऊन दवाखान्यात नेलं. करंगळीचं वरचं पेर गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक फेरा झाला असता तर चारही बोटं गेली असती. त्या दिवसापासून जाईबाईची लेक दीक्षा काकीच्या ओट्यावर वाढली म्हटलं तरी चालेल. तिच्या डोक्यातल्या उवा काकीनं काढल्या, तिला दोन वेण्या काकीनं घातल्या. तेल कसं उकळायचं, लिंबू किती, ऊन का नाही, हे सगळं दीक्षानं तिथंच उकिडवं बसून ऐकलं.

दीक्षा मोठी झाली, सांगलीला कोर्स करून आली, आणि बसस्टॉपजवळ आप्पासोंच्या भाड्याच्या गाळ्यात तिनं पार्लर टाकलं. आई तेवढं बघायला राहिली नाही. उद्घाटनाला नारळ काकीनंच फोडला. पण पुढच्या दोन वर्षांत रविवारची रांग हळूहळू आखूड होत गेली आणि नारळ फोडणाऱ्या हातांना ते कळत होतं. काकी तोंडानं म्हणायची, "पोरगी पुढं गेली, बरं झालं." रात्री जोतीरामला म्हणायची, "मशिनीची वाफ घेऊन कुठं कोंडा जातोय व्हय?" जोतीराम हो म्हणायचा. त्याला कोंड्याचा प्रश्न टक्कल पडल्यापासून नव्हता.

एप्रिलातल्या एका रविवारी संयोगिता आली. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या मानसिंगांची ही मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळ-संध्याकाळ मैदानावर पळायची, घामानं डोकं खराब झालं होतं. ती यायला अकरा वाजले. ओट्यावर चार बायका होत्या. पोरीचे केस कापलेले बघून काकीनं विचारलं, "हे कुणी केलं गं?"

"दीक्षाताईनं. परवा शुक्रवारी गेलते. पळताना आडवं येत हुतं," संयोगिता म्हणाली आणि साधेपणानं पुढंही बोलली, "ताई म्हणली, तेल लावायचं बंद कर, तेलानं कोंडा वाढतोय."

चौघींतली एक म्हणाली, "व्हय का? मंग आमी काय येड्यावानी तेल लावत बसलोय?" आणि बाकीच्या हसल्या.

हसू साधंच होतं. काकीला मात्र ते तेलाच्या कढईत पाणी पडावं तसं झालं. "बस," ती म्हणाली. "एका बसणीत तुझा कोंडा न्हाई घालीवला तर नाव सांगू नको माजं."

तिनं चार लिंबं कापली. तेलाची वाटी बाजूला सारली आणि निव्वळ रस भांगाभांगात ओतला. डाव्या हातानं पोरीची मान धरून डोकं खाली वाकवलं आणि उजव्या हाताच्या बोटांनी खसाखसा चोळलं. रस कपाळावरून, कानामागून ओघळला. मानेवर हात घट्ट होता, तोही रसानं ओला. चोळून झाल्यावर ती म्हणाली, "आता वर गच्चीत जा. केस पुढं घे, पाठ उनाकडं कर आन् अर्धा तास बस. ऊन लागलं की मुळापासनं जातोय कोंडा."

एक बाई म्हणालीच, "काकी, तुमीच म्हणता नव्हं, उनाला दावायचं न्हाई?"

"ते तेलाचं," काकी म्हणाली. "ह्ये येगळं."

वेगळं काही नव्हतं. बोलता बोलता तिला सासूचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला होता, 'कातडं जळतंय' हे शब्दसुद्धा. तिनं तो आवाज ऐकला आणि बाजूला सारला, कारण चार बायका बघत होत्या आणि तिला पार्लरपेक्षा झटपट गुण दाखवायचा होता. अर्ध्या तासानं पोरगी खाली आली. काकीनं डोक्यावर दोन तांबे ओतले, मान, कपाळ धुतलंच नाही. कोंडा खरंच गेल्यासारखा दिसला. काकीनं सगळ्यांना भांग पाडून दाखवला. संयोगिता चारला मैदानावर पळायला गेली.

मंगळवारी जोतीराम दूध घेऊन आला तो बातमी घेऊनच. "मानसिंगच्या पोरीचं तोंड भाजलंय म्हणं. पार्लरात कसलं तरी केमिकल लावलं. लय भडाकलाय गडी."

काकीच्या हातातून चहाची गाळणी खाली पडली. ती तशीच निघाली. संयोगिता खाटेवर बसली होती. कपाळापासून कानापर्यंत एक लालभडक ओघळ उठला होता, कडेनं बारीक फोड आले होते. तिची आई सांगत होती, "डॉक्टरनी ईचारलं, उनात जाताना कायतरी लावलं हुतं का. म्या सांगितलं, शुक्रवारी पार्लरात गेलती. दुसरं काय लावणार? घरातलं तर सगळं न्हेमीचंच." कुणालाही लिंबू आठवलं नाही, त्या दिवशी ओट्यावर असलेल्या चौघींनाही नाही. लिंबू काय औषध असतं? ते वरणावर पिळायचं, दृष्ट काढायला वापरायचं, रविवारी काकीकडं डोक्याला लावायचं. रोजच्या गोष्टीवर कुणी संशय घेत नाही.

"काकी, मानंला लय आग हुतीया," संयोगिता म्हणाली आणि तिनं केस बाजूला घेतले.

मानेच्या डाव्या अंगाला चार आडवे पट्टे होते. तीन लांब. सगळ्यात खालचा आखूड, मध्येच तुटलेला. इतरांना ते नुसते चट्टे दिसत होते. काकीनं आपला डावा हात पदराखाली घेतला.

त्या वेळी ती बोलली असती तर गोष्ट इथंच संपली असती. तोंड उघडलंही तिनं. पण संयोगिताच्या आईनं तेवढ्यात म्हटलं, "आजकालच्या त्या क्रीमा बाई," आणि काकीच्या उघडलेल्या तोंडातून आलं, "व्हय. काय काय घालत्यात त्यात, कुणाला ठावं." गप्प बसणं एक वेळ भित्रेपणा म्हणून खपलं असतं. तिनं तर वर एक काडी टाकली. घरी परतताना तिला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी मानसिंगांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरीच्या चेहऱ्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'सावधान. आपल्या मुलींना या पार्लरमध्ये पाठवू नका.' बघता बघता हात जोडलेल्या आणि रागानं लाल झालेल्या चेहऱ्यांची रांग लागली. काहींनी तर 'तिथं जायचंच कशाला' एवढंच लिहिलं. त्या 'तिथं'मध्ये क्रीमपेक्षा जुनं, जातीचं काहीतरी होतं, आणि ते कळत नाही असा माणूस माधवनगरात नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघतं म्हणतात. इथं वांगं आधीपासूनच ठरलेलं होतं.

गुरुवारी दुपारी दीक्षा आली. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, लहानपणी बसायची तिथंच. दोन दिवसांत तिचा चेहरा उतरला होता.

"काकी, म्या तिला कायबी लावलं न्हाई. केस कापलं आन् निस्ती वाफ दिली. फोटो झूम करून बघितला. आवं, ते केमिकल न्हाई. ओघळ हाय. लिंबाचा." तिनं मान वर केली. "लिंबू आन् ऊन एका अंगावर पडू द्यायचं न्हाई, तुमीच सांगितलं हुतं मला."

काकी तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून डोळे काढले नाहीत.

"रविवारी ती तुमच्याकडं आलती नव्हं?"

"आलती."

"तुमी तर उनाला दावूच देत न्हाई, ते मला ठावं हाय. मंग घरी जाऊन तिनंच काय लावलं का? तुमाला कायतरी बोलली आसंल."

किती सोपं करून दिलं होतं पोरीनं. संशय घ्यायची वेळ आली तरी तिनं काकीवर घेतला नाही. तिच्या लेखी काकी म्हणजे नियम आणि नियम म्हणजे काकी.

"निस्तं तेल लावून गेली," काकी म्हणाली. "मला न्हाई बाई ठावं."

"आप्पासो म्हणत्यात, म्हयन्याअखेर गाळा मोकळा कर. लोकांचं लय फोन येत्यात त्यांना," एवढं बोलून दीक्षा उठली. जाताना सवयीनं वाकून काकीच्या पाया पडली. काकीनं पाय ओढून घेतले, पण उशीर झाला होता.

त्या रात्री काकीला जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे, हे तिनं आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आता तिच्याच घशात बसलं होतं. ती पडल्या पडल्या मनाशी वकिली करत राहिली. पोरीचे डाग जातील, माझे गेलेच की. दीक्षा हुशार आहे, दुसरीकडं गाळा बघेल. मी सांगितलं तर चाळीस वर्षांचं नाव जाईल, आणि या वयात माझ्याकडं दुसरं आहे काय? प्रत्येक मुद्दा बरोबर वाटायचा आणि शेवटी पायरीवर बसलेली दीक्षा दिसायची.

पुढचा रविवार उजाडला आणि देवानं तिची थट्टाच केली. सकाळी सातपासून ओटा भरला. वर्षभरात न आलेल्या बायका आल्या. पार्लरला जाणाऱ्या सुना आल्या, सासवा त्यांना हात धरून घेऊन आल्या. "आपली काकीच बरी," सगळ्या म्हणत होत्या. "घरातलं ते घरातलं." इतकी लांब रांग काकीच्या दारात कधीच लागली नव्हती. ज्या कौतुकासाठी ती तडफडत होती ते आता पाट्या भरभरून आलं होतं, आणि तिला ते घ्यायला हात पुढं करवत नव्हता.

एका सुनेनं पाटावर बसून मान वाकवली. काकीनं डावा हात तिच्या मानेकडं नेला आणि मध्येच थांबवला. तीन लांब, एक आखूड.

"काय झालं काकी?"

"लिंबं संपली," काकी म्हणाली. मागं झाड लिंबांनी लगडलेलं सगळ्यांना दिसत होतं. "आज कुणाचं व्हनार न्हाई. माजा हात दुखतोय. जावा घरला."

बायका हळहळत गेल्या. जोतीराम आतून सगळं ऐकत होता. तो बाहेर येऊन पाटावरच बसला आणि तिच्या हाताकडं बघत म्हणाला, "हात दुखतोय व्हय? दाखव बघू." त्यानं तिचा डावा हात घेतला, बोटं दाबून बघितली. "जाईबाईनं त्या दिशी बटण दाबलं म्हणून ही तर ऱ्हायली. न्हाईतर आज कशानं चोळलं आसतंस लोकांची डोकी?" मग सहज म्हणाला, "तिच्या पोरीनं खुर्ची इकायला काढलीया म्हणं. आज-उद्या गाळा रिकामा करती."

साध्या माणसाला ठाऊक नसतं आपण काय बोलतोय ते. काकीनं हात सोडवून घेतला आणि ती परसात झाडाखाली जाऊन बसली. भांडी तशीच राहिली. बराच वेळ ती रडली, आणि रडून झाल्यावरही उठली नाही.

सोमवारी सकाळी ती आधी मानसिंगांच्या घरी गेली. "भावजी, पोरीला घेऊन बसस्टॉपवर चला. वैनी, तुमीबी."

"कशाला, वहिनी?"

"दीक्षाकडं जायचंय."

"त्या बाईचं तोंड बघायचं नाही मला. माफी मागायला लावा तिला, ग्रुपवर."

"माफी मागायचीच हाय," काकी म्हणाली. "चला."

आप्पासोंच्या गाळ्यासमोर टेंपो उभा होता. खुर्ची बाहेर आली होती. दीक्षा आत स्टुलावर उभी राहून भिंतीवरचा मोठा आरसा खिळ्यावरून काढत होती. आप्पासो दाराशी हातात किल्ल्या घेऊन. मानसिंग येताना दिसले तशी शेजारच्या चहाच्या गाड्यावरची माणसंही उठून आली. आता भांडण बघायला मिळणार याची सगळ्यांना खात्री झाली.

काकीनं संयोगिताला बाहेर काढलेल्या खुर्चीत बसवलं. पोरीनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता. काकीनं तो सोडला, केस वर घेतले. फोड बसले होते आणि पट्टे काळे पडले होते, आठ दिवसांत अगदी रेखीव.

"हे काय हाय, भावजी?"

"काय म्हणजे? डाग."

"नीट बघा. कशाचं हायती?"

कुणाला काही कळेना. काकीनं डावा हात उचलला. तिनं तो पोरीच्या मानेवर ठेवला. पहिलं बोट पहिल्या पट्ट्यावर बसलं, दुसरं दुसऱ्यावर, तिसरं तिसऱ्यावर. आणि तुटकी करंगळी त्या आखूड पट्ट्यावर बरोब्बर मावली, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. आपल्याच हाताचं माप आपण दुसऱ्याच्या लेकीच्या कातडीवर काढून ठेवलंय, हे तिनं तेव्हाच पुरतं पाहिलं.

"ही बोटं माजी हायती," ती म्हणाली. "त्या रविवारी म्या हिच्या डोक्याला निव्वळ लिंबू चोळलं आन् उनात बशीवलं. लिंबानं उनात कातडं जळतंय हे मला ठावं हुतं. ठावं आसताना केलं. चार बायकांत मोठेपणा मिरवायला केलं. दीक्षानं कायबी केलेलं न्हाई."

मानसिंग तिच्या हाताकडं बघत राहिले. "आठ दिवस, वहिनी?" ते एवढंच म्हणाले. "आठ दिवस तुम्ही गप्प बसलात?"

"व्हय."

"आमच्या घरात बसून 'क्रीमा' म्हणालात."

"म्हणलं."

संयोगिताच्या आईनं पोरीला खुर्चीतून उठवलं आणि स्कार्फ पुन्हा गुंडाळून घेऊन गेली. ती काकीकडं वळून बघेना. संयोगिता मात्र दोनदा वळून बघत गेली. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि रागापेक्षा ते काकीला जड गेलं. मानसिंगांनी खिशातून मोबाइल काढला, तिथंच उभ्यानं आधीचा मजकूर पुसला आणि नवा लिहायला लागले. फौजी माणूस, चूक कळल्यावर वेळ लावणारा नव्हता. लिहून झाल्यावर ते दाराशी जाऊन दीक्षासमोर उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि निघून गेले. आप्पासोंनी किल्ल्या खिशात टाकल्या, टेंपोवाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं, आणि "चला, चला, काय तमाशा हाय का?" म्हणत गर्दी पांगवली.

गाळ्यात दोघीच उरल्या. आरसा अर्धा खिळ्यावर, अर्धा दीक्षाच्या हातांवर. एकटीला तो ना खाली घेता येत होता, ना वर चढवता. काकी आत गेली आणि खालून दोन्ही हातांनी तो उचलून धरला. दीक्षानं वरची तार खिळ्यात अडकवली. आरसा सरळ झाला तेव्हा त्यात दोघी दिसल्या. काकीनं मान खाली घातली.

दीक्षा स्टुलावरून उतरली नाही. तिथूनच ती आरशातल्या काकीला म्हणाली, "म्या तुमच्या दारात आलते, काकी."

"आलतीस."

"तुमाला ईचारलं हुतं म्या."

"ईचारलं हुतंस, बाळा."

"तुमच्या पाया पडून गेलते."

दीक्षानं खाली उतरून स्टूल बाजूला ठेवलं, बाहेर जाऊन खुर्ची आत ओढून आणली, पुसली आणि आरशासमोर नीट लावली. मग तिनं केर काढायला घेतला. काकी दाराशी उभी राहिली, पोरीनं थांब म्हणावं म्हणून आणि जा म्हणावं म्हणूनही. दीक्षानं दोन्ही म्हटलं नाही. ती केर काढत दारापर्यंत आली, तेव्हा काकी बाजूला झाली आणि उन्हात उतरली.